बाळ आजारीच नाहीये, मग कायदा मध्ये कुठून आला?

नवजात बाळाला एखादी गोष्ट "नको" म्हणणाऱ्या आईबापांचा विषय निघाला की दोनच प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात डांबा त्यांना, लेकराच्या जिवाशी खेळतात म्हणजे काय. दुसरे म्हणतात बाळ आमचं, पोटात आम्ही वाढवलं, सरकार कोण सांगणारं. मी वकिली शिकलेय पण कोर्टात उभी राहत नाही, माझं काम हॉस्पिटलांसाठी संमतीचे आणि नकाराचे फॉर्म लिहायचं, म्हणजे तो कागद ज्यावर "धोका समजावून सांगितला, तरी आम्हाला नको" असं असतं आणि खाली सही घेतात. त्यामुळे ही दोन्ही वाक्यं मी इतक्यांदा ऐकलीयेत की आता कान बधिर झालेत. माझी तक्रार एकच आहे, "नको" कशाला हे कुणी विचारतच नाही. इंजेक्शनला नको, डोळ्यातल्या मलमाला नको, टाचेतून रक्त घ्यायला नको, लशीला नको, सगळं एकाच पोत्यात. आणि गंमत म्हणजे कायद्यानेही बऱ्याच ठिकाणी तेच करून ठेवलंय, किंबहुना उलटंच, जिथे औषध आता फारसं कामाचं राहिलेलं नाही तिथे कायदा काठी घेऊन उभा आणि जिथे औषध खणखणीत आहे तिथे गप्प.

खणखणीत म्हणजे व्हिटॅमिन के. जन्मल्यावर थोड्याच वेळात मांडीच्या बाहेरच्या बाजूला एक मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन, विषय संपला. हे का लागतं ते नीट सांगते, कारण नकार देणाऱ्यांपैकी बहुतेकांना हेच कुणी सांगितलेलं नसतं. रक्त गोठायला जे घटक लागतात त्यातले काही लिव्हर बनवतं आणि ते बनवायला त्याला व्हिटॅमिन के लागतं. आईच्या वारेतून ते बाळापर्यंत फारच थोडं पोचतं. मोठ्या माणसाच्या आतड्यातले जंतू थोडंफार बनवतात, बाळाच्या आतड्यात ते अजून वसलेले नसतात. आणि आईच्या दुधात बाकी सगळं असलं तरी हे एक कमी असतं. म्हणजे जन्मतः प्रत्येक बाळ ह्या बाबतीत उणं असतं, धडधाकट असो की अशक्त, आईने काहीही खाल्लेलं असो. आणि सगळ्यात जास्त धोका कुणाला, तर फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांना, म्हणजे नेमकी तीच घरं जिथे "सगळं नैसर्गिक हवं" म्हणून इंजेक्शन नको म्हणतात. ह्याला काय म्हणावं.

ह्या कमतरतेमुळे होणारा रक्तस्राव बाळाला तीन वेगवेगळ्या टप्प्यांत गाठू शकतो. पहिल्या चोवीस तासांत, पहिल्या आठवड्यात, किंवा मग आठवड्यानंतर पार सहा महिन्यांपर्यंत. इंजेक्शन दिलं नाही तर पहिल्या आठवड्यातलं प्रमाण दर १०० बाळांमागे ०.२५ ते १.७ च्या दरम्यान, आणि उशिरा होणारा प्रकार दर लाखात ४ ते ७. लाखात सात म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? सगळा घोळ इथेच आहे. हा उशिराचा प्रकार झाला तर साधारण निम्म्या बाळांच्या मेंदूत रक्तस्राव होतो, आणि आधी काही कळत नाही. बाळ पीत असतं, हसायला लागलेलं असतं, वजन वाढत असतं. कधी नाळेच्या जागी थोडंसं रक्त, कधी नाकातून एक थेंब, कधी पाठीवर एक निळा डाग, ज्याकडे कुणी फारसं बघत नाही. मग एक दिवस बाळ सुस्त होतं, दूध ओढत नाही, उलटी करतं, टाळू फुगलेली दिसते, आणि तोवर उशीर झालेला असतो. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी सांगते की इंजेक्शन न घेतलेल्या बाळांना हा उशिराचा रक्तस्राव व्हायची शक्यता ८१ पट जास्त, आणि असा रक्तस्राव झालेल्या पाचांपैकी एक बाळ दगावतं.

२०१३ मध्ये अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये फेब्रुवारी ते सप्टेंबर ह्या आठ महिन्यांत अशी चार बाळं एका हॉस्पिटलात आली. तिघांच्या डोक्यात रक्तस्राव, एकाच्या आतड्यात. चौघांच्याही आईबापांनी इंजेक्शन नाकारलेलं. सीडीसीने चौकशी केली तेव्हा कारणं काय निघाली, तर रक्ताचा कॅन्सर होईल ही भीती, गरजच काय असं वाटणं, आणि इवल्याशा अंगात केमिकल नको. पण त्या अहवालातली मला खरी महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. नकार देताना ह्या आईबापांना अशा रक्तस्रावाची माहिती एकतर अर्धवट होती किंवा अजिबात नव्हती. म्हणजे तो नकार म्हणायचा तरी कसा? माहिती न घेता दिलेल्या होकाराला आम्ही वकील लोक होकार मानत नाही, मग माहिती न घेता दिलेल्या नकाराला तरी पूर्ण नकार का मानावा, हा प्रश्न मी जिथे जाते तिथे विचारते आणि समोरचे घड्याळाकडे बघायला लागतात.

कॅन्सरची भीतीही हवेतून आलेली नाही बरं का. १९९० आणि १९९२ मध्ये ब्रिटनमधल्या जीन गोल्डिंग ह्यांच्या अभ्यासांत स्नायूतल्या व्हिटॅमिन के इंजेक्शनचा आणि लहानपणीच्या कॅन्सरचा संबंध असावा असं दिसलं होतं. केवढी खळबळ उडाली. बऱ्याच ठिकाणी इंजेक्शन सोडून तोंडावाटे थेंब द्यायला लागले. नंतर बऱ्याच देशांत मोठमोठे अभ्यास झाले आणि तो संबंध काही सापडला नाही. पण अशा बातम्यांचं कसं असतं, भीती पहिल्या पानावर येते आणि खुलासा कुठेतरी आतल्या पानावर.

एका बाबाने मला इंजेक्शनच्या खोक्यातलं घडीचं पत्रक उघडून दाखवलेलं आठवतंय, काळ्या चौकटीतली वॉर्निंग, तीव्र रिअॅक्शन येऊन मृत्यू होऊ शकतो असं स्पष्ट छापलेलं. पत्रकाची घडी एवढी छोटी की ते सरळ करायला त्याने टेबलावर तळहाताने दाबून धरलं आणि त्या ओळीवर नख ठेवलं. तो म्हणाला, ताई हे तुमच्याच कंपनीने लिहिलंय, मी नाही. आता त्याला काय अडाणी म्हणायचं? तो वाचत होता, खोलीतल्या बाकी कुणी ते पत्रक उघडलंही नव्हतं. त्याला डॉक्टरांनी बसवून सांगितलं की तशा रिअॅक्शनच्या नोंदी मुख्यतः शिरेतून दिलेल्या इंजेक्शनच्या आहेत, बाळाला स्नायूत देतात, डोस एवढुसा असतो, आणि हे १९६१ पासून अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना सगळ्याच बाळांना द्या म्हणून सांगत आलीये. त्याने अजून चारपाच प्रश्न विचारले, बायकोशी बोलला, आणि हो म्हणाला. मी घेऊन गेलेला नकाराचा फॉर्म तसाच कोरा परत आणला. त्याला कुणी दारातच "पोलिसांना बोलावू" म्हटलं असतं तर काय झालं असतं ह्याचा अंदाज करायला वकिली शिकायची गरज नाही.

आता डोळ्यांचं मलम. ह्याचा इतिहास मात्र जबरदस्त आहे. आईला गनोरिया म्हणजे परमा असेल तर बाळंतपणात तो बाळाच्या डोळ्यांत जातो आणि काही दिवसांत डोळे जाऊ शकतात. एकोणिसाव्या शतकात युरोपात अंधशाळा अशा मुलांनी भरलेल्या असायच्या. जर्मनीत लाइपझिगला कार्ल क्रेडे नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते, त्यांनी १८८० च्या सुमारास प्रत्येक बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायला सुरुवात केली आणि दहा टक्क्यांच्या आसपास असलेलं प्रमाण एकाच्याही खाली आलं. अँटिबायोटिक यायच्या अर्धशतक आधी! मग ठिकठिकाणी कायदे झाले की हे करायचंच, आणि त्या काळात ते शंभर टक्के बरोबर होते.

पण ते कायदे बऱ्याच ठिकाणी अजून तसेच आहेत. सिल्व्हर नायट्रेट गेलं, इरिथ्रोमायसिनचं मलम आलं, अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत ते अजूनही कायद्याने द्यावं लागतं. इकडे कॅनडाच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये सरळ सांगून टाकलं की सरसकट मलम लावायची शिफारस आता करता येत नाही, सक्तीचे कायदे काढून टाका. त्यांचं म्हणणं असं की गनोरियाचे जंतू ह्या औषधाला दाद देईनासे झालेत, क्लॅमिडियावर, म्हणजे आईकडून असाच बाळाच्या डोळ्यांत जाणाऱ्या दुसऱ्या संसर्गावर, ते नीट चालत नाही, त्यापेक्षा गरोदर बाईची तपासणी करा आणि तिलाच उपचार द्या. ब्रिटन, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन ह्या देशांनी तर हे कधीच बंद केलंय आणि तिथली बाळं काही आंधळी झाली नाहीत. उलट बाजूही सांगायला हवी, अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये परत एकदा मलम द्यावंच असं सांगितलं, कारण तिथे गरोदरपणी तपासणीच न झालेल्या बायका बऱ्याच असतात. पटतं मला ते. पण ज्या आईची तपासणी झालीये, रिपोर्ट निगेटिव्ह फाइलमध्ये लावलेला आहे, तिने मलम नको म्हटलं म्हणून तिच्यावर बालसंरक्षण खात्याला कळवायची धमकी? आणि त्याच वॉर्डात शेजारच्या बेडवरच्या बाईने व्हिटॅमिन के नाकारलं तर बऱ्याच राज्यांत कायद्याचं काही म्हणणंच नाही. न्यूयॉर्कसारख्या मोजक्या राज्यांत दोन्ही सक्तीचं आहे. हा उलटा कारभार कुणी ठरवून केलेला नाही, एक कायदा जुना आहे म्हणून टिकलाय आणि दुसरा झालाच नाही, एवढंच.

टाचेतल्या रक्ताकडे येते, कारण कोर्टात खरी जुंपली ती ह्यावर. बाळ एकदोन दिवसांचं झालं की टाचेच्या कडेला बारीक टोचतात आणि जाड टिपकागदाच्या कार्डावर छापलेल्या गोलांत एकेक थेंब घेतात, थेंब कागदाच्या पलीकडे उमटेल असा भरावा लागतो नाहीतर लॅबवाले परत पाठवतात, मग ते कार्ड आडवं ठेवून वाळवतात. ही युक्ती रॉबर्ट गथ्री ह्यांची, १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची, फिनाइलकिटोन्युरिया म्हणजे पीकेयू शोधण्यासाठी. ह्या आजारात प्रथिनांतला एक घटक शरीराला मोडता येत नाही, तो साठत जातो आणि मेंदूची वाढ खुंटते. वेळेत कळलं तर फक्त खाणं बदलून मूल व्यवस्थित वाढतं. थायरॉइडचंही तसंच, साधारण तीनचार हजारांत एका बाळाला जन्मतः कमी असतं, आणि वेळेत रोजची एक गोळी चालू केली की झालं. वेळ मात्र थोडाच असतो, काही आठवडे. आजार असलेलं बाळ सुरुवातीला बघायला अगदी गोड, निरोगी दिसतं.

आता दोन निकाल शेजारी ठेवते. पहिला आयर्लंडचा, २००१. आईबापांनी पीकेयूच्या टेस्टला नकार दिला, त्यांची धार्मिक समजूत अशी की रक्तवाहिनीला भोक पाडायचं नाही. केस किंवा लघवी तपासा, आमची ना नाही, असंही ते म्हणत होते. आरोग्य खातं कोर्टात गेलं, आणि सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असा निकाल आईबापांच्या बाजूने दिला. कोर्टाला टेस्ट चांगली आहे हे मान्यच होतं. पण त्यांच्या राज्यघटनेत कुटुंबाला एवढं मोठं स्थान दिलंय की अगदी अपवादात्मक परिस्थिती असल्याशिवाय सरकारने आईबापांच्या निर्णयात पडायचं नाही, आणि लाखो आईबाप जसे बरेवाईट निर्णय घेतात त्यातलाच हा एक, असं काहीसं कोर्टाचं म्हणणं. आणि आयर्लंडमध्ये पीकेयू साधारण साडेचार हजार बाळांत एकाला होतो, म्हणजे जगाच्या मानाने तसा जास्तच, तरी हा निकाल.

दुसरा अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याचा. तिथला कायदा म्हणतो टेस्ट प्रत्येक बाळाची होणार, धर्माच्या नावाखाली सूट नाही. बाकी बहुतेक राज्यांत अशी सूट आहे. एका जोडप्याने धार्मिक कारणाने नकार दिला, २००५ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायदा घटनेला धरून आहे, धर्म आडवा येत नाही. इथपर्यंत ठीक. मग त्याच जोडप्याला पुढचं मूल झालं, परत नकार, ह्या वेळी मात्र शेरीफची माणसं घरी गेली आणि अंगावर पिणारं बाळ उचलून नेलं, टेस्ट केली, काही दिवस बाळ परक्या घरी ठेवलं, रिपोर्ट नॉर्मल आला, बाळ परत दिलं. प्रकरण पुन्हा सुप्रीम कोर्टात. २००८ मध्ये तेच कोर्ट म्हणालं, टेस्ट सक्तीची आहे हे खरं, पण नुसती टेस्ट नाकारली म्हणून आईबापांनी मुलाकडे दुर्लक्ष केलं असं सिद्ध होत नाही.

ह्या दुसऱ्या निकालाबद्दल फारसं कुणी बोलत नाही, मला तो सगळ्यात शहाणा वाटतो. सरकार एखादी गोष्ट सक्तीची करू शकतं की नाही हा एक प्रश्न, आणि ती न केल्याबद्दल मूल आईबापांकडून काढून घेता येतं का हा पूर्ण वेगळा प्रश्न. ह्या दोन्हींची गल्लत हॉस्पिटलातले लोक रोज करतात. "कायद्याने सक्ती आहे" म्हणताना त्यांच्या मनात "नाहीतर बाळ घेऊन जातील" असं असतं आणि समोरच्या बाळंतिणीला ऐकूही तेच येतं, जी चोवीस तास झोपलेली नसते.

मुळात कायद्याची पंचाईत अशी आहे की त्याला आजारी बाळाचं काय करायचं ते चांगलं कळतं. बाळाला आत्ता रक्त चढवलं नाही तर ते जाणार आहे आणि आईबाप धर्मामुळे नको म्हणताहेत, अशा केसमध्ये न्यायाधीश रात्री फोनवरसुद्धा ऑर्डर देतात आणि जवळजवळ कायम हॉस्पिटलच्या बाजूने देतात. १९४४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलेलं एक वाक्य अशा वेळी काढलं जातं, की आईबाप स्वतः हुतात्मा व्हायला मोकळे आहेत पण मुलांना हुतात्मा करायला नाहीत. तो खटला होता रस्त्यावर धार्मिक पत्रकं वाटणाऱ्या एका लहान मुलीचा, औषधाचा त्यात काही संबंध नव्हता! पण वाक्य इतकं चपखल की गेली ऐंशी वर्षं बाळांच्या केसेसमध्ये ते चालतंय. आता व्हिटॅमिन के किंवा टाचेच्या टेस्टला हे लावून बघा. बाळ आजारी नाहीये. ते आजारी पडेल ह्याची शक्यता कमी आहे. न्यायाधीश विचारणार, तातडीचा धोका कुठाय? आणि डॉक्टर प्रामाणिक असेल तर म्हणणार, ह्या एका बाळाला बहुधा काहीच होणार नाही, पण ज्याला होतं त्याला परतीचा रस्ता नसतो. कायद्याच्या चौकटीत हे उत्तर बसवायला जागाच नाही.

अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ आणि नीतिशास्त्राचे अभ्यासक डग्लस डीकेमा ह्यांनी २००४ मध्ये एक कसोटी मांडली होती, सरकारने कधी मध्ये पडावं ह्याची. बाळासाठी सगळ्यात चांगलं काय हा प्रश्न कोर्टाने विचारू नये, कारण तसं बघितलं तर कुठलेच आईबाप पास होणार नाहीत, नकारामुळे गंभीर इजेचा मोठा धोका आहे का, तो जवळ आलाय का, उपायाने तो नक्की टळतो का, आणि कमी जबरदस्तीचा दुसरा मार्ग आहे का, असे प्रश्न विचारावेत. मी ह्या चाळणीतून एकेक गोष्ट घालून बघते तेव्हा मलम लगेच खाली पडतं, निदान तपासणी झालेल्या आईच्या बाबतीत. टाचेची टेस्ट अध्येमध्ये लटकते. हिपॅटायटिस बी ची जन्मल्याबरोबरची लस आईवर अवलंबून आहे. आई पॉझिटिव्ह असेल तर माझ्या मते कोर्टाने एका तासात ऑर्डर द्यावी, कारण जन्मताना लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांना ती जन्मभर चिकटते आणि पुढे लिव्हरचा कॅन्सर वगैरे, आणि लस चोवीस तासांत गेली तरच खरा उपयोग. आई निगेटिव्ह असेल तर लस द्यायलाच हवी असं मी दहादा सांगेन पण पोलीस बोलावणार नाही. आणि व्हिटॅमिन के? मला सक्ती आवडत नाही तरी ह्या एका बाबतीत मी कुंपणावर बसलेली नाही. एकच टोचणी, अनेक दशकांचा अनुभव, आणि न दिल्यास होणारं नुकसान भरून न येणारं. इथे कायद्याने हॉस्पिटलला तरी बांधून ठेवावं, की वेळ काढून समजावल्याशिवाय, आणि नकार ठाम असेल तर दुसरा मार्ग पुढे केल्याशिवाय सही घ्यायची नाही.

दुसरा मार्ग म्हणजे तोंडावाटे. जर्मनीत वर्षानुवर्षं जन्मल्यावर, मग पहिल्या आठवड्यात आणि मग महिनाभराने असे दोन मिलिग्रॅमचे तीन डोस देतात. इंजेक्शनइतकं भक्कम नाही ते, एखादा डोस राहून जातो, आणि ज्या बाळाला पित्ताच्या नळ्यांचा आजार लपून असतो त्याला तोंडावाटेचं पचतच नाही. पण काहीच न देण्यापेक्षा शंभर पटीने बरं. ब्रिटनमध्येही सुई नको म्हणणाऱ्यांना हा पर्याय देतात. आणि बाकीच्या बऱ्याच ठिकाणी? घ्या इंजेक्शन नाहीतर करा सही. अमेरिकेत इलिनॉय राज्याच्या बालसंरक्षण खात्याने तर एक काळ व्हिटॅमिन के नाकारणं हेच वैद्यकीय दुर्लक्ष धरायचं धोरण ठेवलेलं, घरोघरी चौकशा झाल्या, २०१८ मध्ये ते धोरण मागे घेतलं गेलं, आणि आईबाप कोर्टातही गेले. एवढं करून पुढच्या बाळंतपणाला ती जोडपी हॉस्पिटलात येतील की घरीच उरकतील?

सक्ती केली की लोक ऐकतात असं ज्यांना वाटतं त्यांनी इंग्लंडचा देवीच्या लशीचा इतिहास वाचावा. १८५३ च्या कायद्याने बाळ तीन महिन्यांचं व्हायच्या आत लस टोचणं सक्तीचं झालं. पुढे कायदा अजून कडक केला, एकाच मुलासाठी बापाला पुन्हापुन्हा दंड, दंड न भरणाऱ्यांच्या घरातलं सामान जप्त, काही जण तुरुंगात. लस चांगली होती ह्यात शंकाच नाही. पण १८८५ मध्ये लेस्टर शहरात हजारो लोक मोर्चा घेऊन रस्त्यावर आले, आणि शेवटी १८९८ मध्ये सदसद्विवेकबुद्धीला पटत नसेल तर सूट अशी तरतूद करावी लागली. दंड भरणारा बहुतेक वेळा गरीब मजूरच असायचा हे वेगळं सांगायला नको.

युरोपच्या मानवी हक्क कोर्टाने ८ एप्रिल २०२१ ला चेक रिपब्लिकच्या प्रकरणात मुलांच्या लशीची सक्ती मानवी हक्कांच्या विरोधात नाही असा निकाल दिला, त्यावर बरेच जण नाचले, पण निकाल नीट वाचला तर तिथे कुणाला धरून टोचलेलं नव्हतं. एकदा दंड, आणि बालवाडीत प्रवेश नाही, एवढंच. भारताच्या सुप्रीम कोर्टानेही २ मे २०२२ ला कोव्हिडच्या बाबतीत सांगितलं की कुणालाही जबरदस्तीने लस टोचता येणार नाही, काही अटी मात्र सरकार घालू शकतं. साधारण सगळीकडची कोर्टं इथेच येऊन थांबतात, सुई जबरदस्तीने नाही पण अडवणूक चालेल. फक्त एक दिवसाच्या बाळाची कशावरून अडवणूक करणार? त्याला ना शाळा ना प्रवास. त्यामुळे शाळकरी मुलांसाठी जी मधली वाट कायद्याने शोधली ती नवजात बाळांना उपयोगाचीच नाही. मग उरतं काय, एकतर बाळ ताब्यात घ्या नाहीतर सही घेऊन सोडून द्या. माझे फॉर्म ह्या दुसऱ्या टोकाला असतात आणि खरं सांगायचं तर बहुतेक फॉर्म बाळासाठी नसतातच, उद्या केस झाली तर हॉस्पिटल सुटावं म्हणून असतात. मी हल्ली मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात घालायला लावते, नाळेतून किंवा नाकातून रक्त, विनाकारण निळे डाग, काळी शी, सुस्ती, दूध न ओढणं, यातलं काहीही सहा महिन्यांपर्यंत दिसलं तर लगेच या आणि आल्याआल्या सांगा की व्हिटॅमिन के दिलेलं नाही. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण डॉक्टर गृहीत धरून चालतात की दिलंच असणार. ते वाक्य घालायला एका ठिकाणी कायदेशीर सल्लागाराने विरोध केला, म्हणे ह्याने आपण नकाराला मान्यता दिल्यासारखं होतं. डोकं फिरलं माझं.

आणि विश्वासाचं काय. टाचेच्या टेस्टला नाही म्हणणाऱ्यांत सगळे धार्मिक नसतात. अमेरिकेत टेक्सास राज्य बाळांची ही रक्ताची कार्डं आईबापांना न विचारता वर्षानुवर्षं साठवून ठेवत होतं आणि संशोधनाला देत होतं. लोक कोर्टात गेले, २००९ मध्ये तडजोड झाली आणि पन्नास लाखांहून जास्त नमुने नष्ट करावे लागले. मिनेसोटातही २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल संमतीच्या बाजूने गेला आणि नंतर तिथेही लाखो नमुने फेकावे लागले. संशोधनाचं किती नुकसान झालं विचार करा, आणि कशामुळे, तर एक प्रश्न विचारायचा कंटाळा. ज्या आईबापांनी हे वाचलंय त्यांनी टाच पुढे करताना दोनदा विचार केला तर त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांच्याशी बोलल्यावर बहुतेक वेळा कळतं की त्यांना टेस्ट हवीच आहे, रिपोर्ट आल्यावर ते कार्ड नष्ट करा एवढंच लिहून हवंय, आणि एवढं लिहून द्यायला ना शेरीफ लागतो ना सुप्रीम कोर्ट.